श्रावण संपला, पुरट्टासी लागला

परदेशी शिकायला गेलेला आमच्या गल्लीतला मी पहिला. आता चेन्नई म्हणजे काय परदेश, असं एखादा शहाणा म्हणेल. त्याने आमच्या इचलकरंजीतला फ्लेक्स बघायला हवा होता. कॉलेजच्या एक्स्चेंज योजनेत एक जागा जर्मनीची होती, बाकीच्या चेन्नईच्या. जर्मनी आपलीच, अशी पक्की बातमी मी स्वतः पसरवली होती, त्यामुळे यादी लागायच्या आधीच मंडळाच्या पोरांनी फ्लेक्स उभा केला. मागे आयफेल टॉवर, पुढे गॉगल लावलेला मी आणि वर 'परदेशगमनाबद्दल हार्दिक शुभेच्छा'. यादी लागली, जर्मनी हुकली. पोरांनी कागद चिकटवून 'परदेश'चं 'चेन्नई' केलं, टॉवर तसाच ठेवला. तो जर्मनीत नाही हे गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं, आणि चेन्नईत नाही हे मला जाऊनच कळलं.

एक्स्चेंज म्हणजे अदलाबदल. मी तिकडे, आणि तिकडचा बालाजी नावाचा पोरगा इकडे, आमच्याच घरात, माझ्याच खोलीत. निघताना मित्रांनी एकच काम सांगितलं, "भावा, रात्रीचं काय काय असतंय ते डिटेलमध्ये सांगायचं." परत आल्यावर मी सांगितलंही. समुद्रातल्या बोटीवरचा डिस्को, रशियन पोरी, पहाटेपर्यंत नाच. गल्लीला सांगितलं ते निराळं. इथे लिहितोय ते खरं आहे. माझ्या मानाने खरं.

गेट

पहिल्या शनिवारी संध्याकाळी मी दुसऱ्यांदा अंघोळ केली, फ्लेक्सवरचा गॉगल चढवला आणि रूममेटला विचारलं, "इथली रात्र कुठे असते?"

रूममेट सेंथिल कुंभकोणमचा. उंचीने माड, बोलण्यात मुंगी. तो म्हणाला, "नाइन थर्टी गेट क्लोज, ब्रो."

"आणि नंतर?"

"स्लीप."

आमच्याकडे साडेनवाला माणसं आज काय करायचं ते ठरवायला कट्ट्यावर जमतात. इथे वॉचमन असं कुलूप लावायचा की वाटावं, आत पोरं नाहीत, रिझर्व्ह बँक आहे.

चेन्नईचं नाइटलाइफ उजेडात चालतं, आणि बरंचसं उभ्याने. दुपार कलली की पोरं टपरीवर जमतात. टपरीवाला हातभर उंचीवरून चहा ओततो, आणि त्या हवेतसुद्धा लोक तो वाफाळता पितात. मी पहिला घोट घेतला तेव्हा आत गेलेल्या चहापेक्षा बाहेर आलेला घाम जास्त होता. मग केळ्याची भजी. मग बसने बेझंट नगरचा समुद्र, तिथे कैरी आणि खोबरं घातलेली वाटाण्याची उसळ, कागदाच्या पुडीत. आणि शनिवारी बिर्याणी. बिर्याणी हाच तिथला डिस्को. पोरं आठवडाभर त्यावर बोलतात, शनिवारी खातात आणि रविवारी तीच कशी होती यावर भांडतात.

आमच्या मजल्यावर पाच जणांची टोळी होती. म्होरक्या जोसेफ. तो इतका बोलायचा की सेंथिलच्या वाटणीचं बोलणंही देवाने त्यालाच दिलं असावं. ही सगळी पोरं एकमेकांना 'मच्चान' म्हणायची. मच्चान म्हणजे मेहुणा. आमच्याकडे मला कुणी मेहुणा म्हटलं असतं, तर मी त्याला पंचगंगेपर्यंत पिटाळला असता. तिथे मात्र ती जिवाभावाची हाक. अनोळखी तो 'सर', ओळखीचा तो 'ब्रो', काळजातला तो 'मच्चान'. तीन पायऱ्या. मी दुसरीवर उभा होतो, आणि खरं सांगतो, तिथे गेल्यावर पंधरवड्यात माझ्या आयुष्याची इच्छा एवढीच उरली की कुणीतरी मला मेहुणा म्हणावं. माणूस एकटा पडला की कशाकशाची भूक लागते बघा.

श्रावण

आणि ती भूक भागायची वेळ पहिल्याच शनिवारी आली होती. मी गॉगल लावून खिन्न बसलो होतो, तर दारात जोसेफ. "ब्रो, बिर्याणी. कमिंग?"

माझा जीव माझ्याआधी चपला घालून जिन्यात गेला. पण आदल्याच दिवशी श्रावण लागला होता. आमच्या घरात श्रावण आई पाळते आणि बाकीचे आईच्या भीतीने पाळतात. निघताना तिने माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला होता. मी जोसेफला म्हटलं, "नो, ब्रो. श्रावण."

"हू इज श्रावण?"

"महिना. होली मंथ. मदर प्रॉमिस. नो नॉनव्हेज."

"ओ, व्हेज-आ!" जोसेफने दोन्ही कान पकडले. "सॉरी, ब्रो. व्हेरी सॉरी."

आणि ते गेले.

इथे थोडं थांबून समजावून सांगायला पाहिजे. आमच्याकडे 'नको' हे संभाषणाची सुरुवात असते. तुम्ही नको म्हणायचं, समोरच्याने दंड धरायचा, "अरे, दहीभात खा, पण चल तर!" म्हणायचं, तुम्ही अजून एकदा नको म्हणायचं, मग दोघांनी ओढायचं, आणि तुम्ही 'आता तुम्ही एवढं म्हणताय तर' असा चेहरा करून सर्वांच्या पुढे चालायचं. मी दंड तयार ठेवून दारात उभा राहिलो. जिन्यातले आवाज खाली गेले, रस्त्यावर गेले, बसमध्ये चढले. कुणी ओढायला आलं नाही.

त्यांनी माझा अपमान केला असता तर मी तरलो असतो. त्यांनी माझी कदर केली. पुढच्या शनिवारपासून ती टोळी माझ्या दारावरून चोरासारखी पाय न वाजवता जायची. बिर्याणीचं पार्सल आलंच तर कॉरिडॉरच्या पार टोकाच्या खोलीत दार लावून खायचे, हात साबणाने धुऊन मगच माझ्याशी बोलायला यायचे. सेंथिलने खोलीतली अंडी बाहेर काढली. परतताना तो माझ्यासाठी न चुकता दहीभाताची पुडी आणायचा, डाळिंबाचे दाणे घातलेली. असा प्रेमळ बहिष्कार शत्रूच्याही वाट्याला येऊ नये.

वर्गात एकच पोरगी मराठी बोलणारी, पद्मा राव. राहायला नुंगंबाक्कमला, मूळ तंजावरची. तिच्या घरातलं मराठी पिढ्यान्पिढ्या तिकडेच राहिलेलं. शब्द बखरीतले, सूर तमिळ. तिच्याकडे मी रडलो.

"विचारिलें होतें ना त्यांनी?" ती म्हणाली. "तूंच नको म्हटलास."

"एकदाच विचारलं!"

"कितीदा विचारायचें? तूं काय बहिरा आहेस?"

"आता श्रावण संपला, मी खातो, एवढं सांग की त्यांना."

"तूंच सांग. तुझें तोंड काय देवळांत ठेवून आलास?"

पण हे स्वतःच्या तोंडाने कसं सांगायचं? मला न्या हो, असं पाहुण्याने म्हणायचं नसतं. जीव गेला तरी म्हणायचं नसतं. आणि जीव जातच होता. तिकडे आईचा फोन, "बालाजी किती गुणी पोरगा रे! पुरणपोळी वाढली, नको म्हणाला. आम्ही हात धरून बसवला, मग सात खाल्ल्या." गणपतीत तर तो बेंजोपुढे नाचतानाचा व्हिडिओ आला. अंगात माझा कुर्ता, खांद्यावर माझे मित्र. मागे फ्लेक्सवर गॉगल लावलेला मी, कैलासवासी असल्यासारखा.

पेरुंगुडी

व्हिडिओ बघितला त्याच दिवशी ठरवलं. ते नेत नाहीत ना, आपण बोलवायचं. असं जेवण घालायचं की सगळी टोळी सासुरवाडीला आल्यासारखी वाटली पाहिजे.

आमच्या गल्लीतला संग्रामदादा पेरुंगुडीला एका गाडीच्या कंपनीचं सॉफ्टवेअर लिहितो. त्याचा फ्लॅट होता, कुकर होता, आणि आईने बांधून दिलेली कांदा-लसूण चटणी माझ्या ट्रंकेत होती. दादाला चेन्नईत बरीच वर्षं झाली, पण तो घर, ऑफिस आणि मोबाइलवरून मागवलेलं जेवण यापलीकडे गेलाच नव्हता. तमिळ त्याला लिफ्टमधल्या बाईच्या आवाजाएवढंच यायचं.

मेनू मी गुपित ठेवला. फक्त "माझ्या गावचं जेवण" एवढंच सांगितलं. पाचही जण लगेच हो म्हणाले. इतक्या पटकन, की मला जरा वाईटच वाटलं, ओढायचीही गरज पडली नाही. सेंथिल तर हसला. "गुड टाइम, ब्रो," म्हणाला. "व्हेरी गुड मंथ." मला वाटलं, हवेबद्दल बोलतोय.

रविवारी सकाळी दादा मटण घेऊन आला तो चाट पडून. "लेका, दुकानात रांगच नाही! आपल्याकडं रविवारी खाटकापुढं मारामारी, आणि इथं बिचारा माश्या मारत बसलाय. मला बघून उठून उभा राहिला. कलेजी फुकट घातली!"

"शहर चांगलं आहे, दादा," मी म्हटलं.

चटणीची फोडणी अशी बसली की वरच्या मजल्यावरच्या बाळाला शिंक आली आणि शेजारच्या बिल्डिंगमधल्या म्हाताऱ्याने खिडकी लावली. पोरं आली तीच डोळे पुसत. कुणाच्याच नाकात वास ओळखण्याइतकी ताकद उरली नव्हती. मी आमच्या रीतीने केळीची पानं मांडली, हात धरून एकेकाला बसवलं आणि कुणी काही म्हणायच्या आत भातावर रस्सा ओतला. पहिली वाढ विचारून करायची नसते.

सेंथिल भुकेला होता. त्याने फोडीसकट मोठा घास घेतला, डोळे मिटले आणि माझ्या त्या सगळ्या मुक्कामात तो जे सर्वांत लांब वाक्य बोलला ते बोलला, "ब्रो, मील मेकर सूपर, आमच्या अम्माला पण असं जमत नाही."

मील मेकर म्हणजे सोयाबीनच्या वड्या. मी पोट धरून हसलो. "मील मेकर? अरे, बोकड आहे बोकड! गोट! तुम्हाला काय वाटलं, मी जन्माचा शाकाहारी आहे?"

मी एकटाच हसत होतो.

त्याच वेळी पद्मा दारात आली. तिलाही बोलावलं होतं, पण यायला उशीर झाला होता. तिने पानांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अरे," ती म्हणाली, "पुरट्टासींत मांस?"

पुरट्टासी हा तमिळ महिना. आमचा श्रावण आणि गणपती उरकून आम्ही सुटतो, साधारण तेव्हाच तो लागतो. पेरुमाळचा, म्हणजे विष्णूचा महिना. एरवी बिर्याणीवर जगणारी घरंच्या घरं त्या महिन्यात मांसाला शिवत नाहीत. बिर्याणीची दुकानं ओस पडतात. खाटीक माश्या मारत बसतात आणि एखादा इचलकरंजीकर आलाच तर उठून उभे राहतात. आणि अशा महिन्यात बाहेर जेवायचं, तर सर्वांत निर्धास्त घर कुणाचं? मजल्यावरच्या एकुलत्या एक शाकाहारी ब्रोचं. म्हणून तर ते पाचही जण इतक्या पटकन हो म्हणाले होते.

सेंथिलच्या तोंडात अजून घास होता. तो थुंकायला उठेल असं वाटलं. पण दुसऱ्याच्या घरात अन्न कसं थुंकायचं, म्हणून त्याने माझ्याकडे बघत तो गिळला. मग हात धुतला, बाल्कनीत गेला आणि अम्माला फोन लावला. मला तमिळ येत नव्हतं, तरी सगळं कळलं. तो थोडंसं बोलला आणि मग नुसता ऐकत राहिला.

जोसेफला कसलाच पुरट्टासी नव्हता, तो चर्चवाला. त्याने खाल्लं. एकट्याने, मान खाली घालून, माझं मन राखायला दोनदा रस्सा मागून घेतला. त्या पोराचं भलं होवो. बाकीच्यांनी दादाच्या फ्रिजमधलं दही आणि पाव खाल्ला. निघताना सेंथिल माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "परवायिल्ल, ब्रो." असू दे, काही हरकत नाही.

ते गेल्यावर पद्माने सांगितलं. सेंथिलची मोठी बहीण, त्याची अक्का, कुंभकोणमला बाळंतपणाला आली होती. कित्येक वर्षांनी आणि कित्येक देवांनी दिलेला हा गर्भ. अम्माने नवस केला होता की भाऊ पुरट्टासी कडक पाळेल, बाळ सुखरूप येऊ दे. तोवर एरवी अंड्यावाचून न उठणाऱ्या पोराने अंड्याच्या टरफलालासुद्धा हात लावला नव्हता.

"मला सांगायचं नाही का!" मी ओरडलो.

"तुला काय सांगायचें?" पद्मा म्हणाली. "त्यांच्या लेखीं तूं व्हेज."

परवायिल्ल

पुढचे दिवस कसे गेले ते लिहायला मला नीट येत नाही. मला किस्से लिहिता येतात, आणि यात किस्सा नव्हता. सेंथिल रागावला असता, त्याने माझी गचांडी धरली असती, तर आमच्या पद्धतीने दुसऱ्या दिवशी आमची मैत्री झाली असती. पण मी माफी मागायला तोंड उघडलं की तो म्हणायचा, "परवायिल्ल, ब्रो." या शब्दाला कुठेही कडी नाही, धरून लोंबकळायला. टपरीवर मी गेलो की पोरं सरकून जागा करायची, चहा सांगायची, आणि मी असेपर्यंत इंग्रजीत बोलायची. दहीभाताची पुडी अजून यायची. ती मी शेवटच्या शितापर्यंत संपवायचो.

मी एकटाच समुद्रावर जाऊन बसू लागलो. आजूबाजूला सगळं शहर घोळक्याने बसलेलं, कुणी कुणाच्या मांडीवर डोकं ठेवून, कुणी कुणाच्या पुडीतला वाटाणा पळवत. मी मात्र एका बाळाचा विचार करत होतो, जे अजून जन्मलं नव्हतं आणि ज्याचं नावही मला ठाऊक असणार नव्हतं. मी नवसाबिवसाला न मानणारा माणूस. इचलकरंजीत नास्तिकपणावर मी भाषणं ठोकलीत. पण त्या वाळूत मी पेरुमाळ, बाळूमामा, मारुती, बेझंट नगरच्या चर्चमधली माता, जो ऐकेल त्याला सांगितलं, मटण मी घातलं, हिशेब माझ्याशी करा.

कुंभकोणमहून फोन आला की सेंथिल बाहेर जायचा. तो परत येईपर्यंत मी त्याच्या चेहऱ्याची वाट बघत भिंतीकडे तोंड करून पडून राहायचो. दिवाळी आली आणि गेली. आईने विचारलं, "तिकडं मित्र झाले का रे?" मी म्हटलं, "इतके झालेत की नावं लक्षात राहत नाहीत."

बकेट

परीक्षा संपल्या त्या दुपारी दार धाडकन उघडलं. सेंथिल. एवढा मोठा आवाज त्याचा असू शकतो हे मला माहीत नव्हतं.

"मच्चान! बॉय बेबी! अक्का फाइन, बेबी फाइन! ऊठ, शर्ट घाल. बिर्याणी. माय ट्रीट!"

मच्चान. मी शर्ट उलटा घातला, जोसेफने तो काढून सुलटा घातला. मला कुणी ओढायची गरज नव्हती, तरी दोघांनी दोन दंड धरले होते. बसमध्ये मी उभ्या चेन्नईला ऐकू जाईल असं गात होतो. रात्री गल्लीला काय काय सांगायचं ते मनात जुळवत होतो. बिर्याणीचा डोंगर, त्यात बोगदा, बोगद्यात अख्खा बोकड.

दुकानात बकेट बिर्याणी आली. खरोखरची बादली, झाकण उघडताच टेबलावर ढग. सेंथिलने स्वतःच्या हाताने पानांवर वाढायला घेतलं. वांग्याची भाजी, कांद्याचं रायतं, आणि भात उकरून उकरून सर्वांत मोठी नळी शोधून माझ्या पानावर. "साप्पिड, मच्चान." जेव.

त्याच्या स्वतःच्या पानावर काही नव्हतं. पानाशेजारी पिशवीतून काढलेली पुडी होती. लिंबूभात.

"तू?" मी म्हटलं.

तो हसला. जोसेफ म्हणाला, "अम्मा टोल्ड. बेबी सेफ, ओके. पण नवस मोडला ना, तो भरून द्यायचा. पुढच्या पुरट्टासीपर्यंत. वन इयर."

"सुम्मा इरु डा," सेंथिल त्याच्यावर खेकसला. गप्प बस रे. मग माझ्याकडे वळून, "परवायिल्ल, मच्चान. साप्पिड. गार होईल."

सगळे माझ्याकडे बघत होते. पहिला घास मी घ्यावा म्हणून थांबले होते. एवढे महिने ज्या घासासाठी झुरलो तो मी घेतला. लवंग होती, पुदिना होता, मांस हाडावरून आपोआप सुटत होतं.

"कशी आहे?" सेंथिलने विचारलं.

"चांगली आहे," मी म्हटलं.

तो समाधानाने मान हलवत उठला. वाढताना त्याचा हात मटणाला लागला होता. तो बेसिनपाशी गेला, साबण लावून हात कोपरापर्यंत धुतला, पुसला, परत येऊन माझ्या शेजारी बसला आणि मग त्याने आपली पुडी सोडली.